मनूआत्याचे पाठकोरे कागद

हीटरची ऊब पायांना लागते आणि चारुशीलाचे डोळे मिटू लागतात. दुपारचे साडेतीन वाजलेत. इंग्लंडातल्या या अभिलेखागारात तिचा हा शेवटचा दिवस. मिस थॉर्नबी या लेखिकेची हस्तलिखितं आणि पत्रं इथे चौतीस खोक्यांत जपून ठेवलीत. थॉर्नबीबाई पाचगणीला राहायच्या तेव्हा चारुशीलाच्या मनूआत्यानं त्यांना मराठी शिकवलं. बाई मायदेशी परतल्यावर आत्यानं पत्रांतून गोष्टी लिहून पाठवल्या. त्याच गोष्टी पुढे बाईंच्या नावानं छापून आल्या, असं आत्या मरेपर्यंत सांगत राहिली. कुणी मनावर घेतलं नाही. आणि आज खोक्यांत आत्याच्या अक्षरातली, तिच्या नेहमीच्या जांभळ्या शाईतली निघाली ती नुसती रिकामी पाकिटं.

मान टेबलावर कलते.

समोरच्या खुर्चीत मनूआत्या बसलीय. नऊवारीवर लोकरीचा स्वेटर.

"आत्या, पत्रं कुठायत गं?"

"चहा घेतलास का?"

"चहा राहू दे! पाचला बंद करतात हे. उद्या माझं विमान आहे."

आत्या उठून कपाटांमधून चालू लागते. चारुशीला मागे धावते, तर पायांखाली तांबडी माती, समोर आत्याच्या पाचगणीच्या शाळेचा व्हरांडा. तिथेही खोकी. ती एकेक उघडते. पाकिटं, पाकिटं.

"तूच लिहिलंस ना? मग नीट सांग की!"

"सांगितलंच की जन्मभर. तू मान डोलवायचीस आणि उठून जायचीस."

चारुशीला आत्याचा हात घट्ट धरते. आत्या तिचं मनगट दाबते, मग हात सोडवून घेते.

"मी एकाच बाजूनं लिहायचे," ती पायऱ्या उतरत म्हणते. "आणि बाई भारी काटकसरी. पाठकोरा कागद दिसला की त्यावर लिहिल्याशिवाय तिला राहवायचं नाही."

"आत्या, थांब ना!"

"मॅडम?" कर्मचारी वाकून हाक मारतोय. "खोकी परत नेऊ?"

चारुशीला ताडकन उठते. पत्रांची खोकी तिनं उघडली होती, पण हस्तलिखितं नुसती संगणकाच्या पडद्यावर पाहिली होती, फक्त पुढची बाजू!

"मूळ हस्तलिखित दाखवा. मला कागदांची मागची बाजू बघायचीय."

"त्याला दोन दिवस आधी अर्ज लागतो."

"पण माझ्याकडे दोन दिवस नाहीत हो!"

तो दिलगिरीनं हसतो. चरफडत ती म्हणते, "द्या तो अर्ज. विमानाचं बघते मी."

भरलेला अर्ज परत घेताना तो तिच्या मनगटाकडे बघतो आणि त्याचं हसू मावळतं. "मॅडम, इथे शाईला बंदी आहे. फक्त पेन्सिल."

मनगटावर जांभळ्या शाईचे चार बोटांचे ठसे आहेत, अजून ओले.