बाबांचे दोन म

माझे बाबा अकोल्यात कागदाची अक्षरं कापायचे. चौदा एप्रिलची कमान असो की लग्नाचा मंडप, लाल घोटीव कागद आणि ब्लेडचा अर्धा तुकडा एवढ्यावर त्यांचं काम चाले. पेन्सिल लावत नसत. जाड, बुटकी, कोपऱ्यात थोडी ओबडधोबड अक्षरं, पण रस्त्याच्या पलीकडून वाचता यायची. कमान उतरली की ती फाटून जात आणि पुढच्या वर्षी बाबा नवी कापत.

मी अमरावतीला राजापेठेत फ्लेक्सची डिझाइनं करते. बाबांची काही अक्षरं स्कॅन करून मी त्यांचा फॉन्ट बनवला. बारीक मजकुराला तो कामाचा नाही, अक्षरांची पोटं बुजतात. पण मोठ्या ओळीत असा उठून दिसतो की ट्यूशन क्लासवाले, वरूडचे संत्र्याचे व्यापारी, सगळे तोच मागू लागले. माझे पाय जमिनीवर नव्हते. मोठ्या हौसेनं बाबांना दाखवायला गेले.

त्यांनी चष्मा पुसून एक ओळ नीट पाहिली.

"हे मायं अक्षर नाही, बाई. दोन म एकासारखे एक कसे? शेजारचं अक्षर पाहून कापा लागते."

"फॉन्ट असाच रायते, बाबा. कोणाले दिसते ते?"

"मले दिसते," ते म्हणाले.

मला राग आला. एका अक्षराची दोन-तीन रूपं फॉन्टमध्ये घालता येतात, हे मला ठाऊक होतं. त्यांना बसवून ती कापून घ्यायची, एवढंच काम होतं. पण लग्नसराई होती, म्हटलं दिवाळीत बघू. दिवाळीआधीच त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. मी कागद घेऊन गेले तेव्हा ब्लेड त्यांच्या बोटांत राहिना. ते कागद नुसता चाचपत बसले, आणि मी घाईनं "राहू द्या" म्हणाले. त्याची मला अजून लाज वाटते.

उन्हाळ्यात ते गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाचं फ्लेक्स दुसऱ्या कोणाकडे द्यायचं माझ्या जिवावर आलं. त्यांच्याच फॉन्टमध्ये मी त्यांचं नाव टाइप केलं. त्यांच्या नावात म दोनदा येतो. पडद्यावर दोन्ही म साच्यातून काढल्यासारखे उभे होते. इतकी वर्षं हेच काम करते मी, आणि ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असताना मी रडले.

फ्लेक्स छापून आलं. मी लाल घोटीव कागद आणला, पेन्सिल न लावता एक म कापला आणि नावातल्या दुसऱ्या म वर चिकटवला. त्याची दांडी वाकडी गेली होती. बाबा असते तर त्यांनी तो उचकटला असता आणि दुसरा कापून लावला असता.