उड्डाणबंदीतलं अधिवेशन

शनिवार, जानेवारीचा तिसरा आठवडा. पहाटे खाडीवर धुकं, नऊनंतर लख्ख ऊन, वारा जवळजवळ नाहीच. उडायला याहून चांगली हवा मिळत नाही.

आमच्या संस्थेचे किस्से गोळा करावे लागत नाहीत. माणसं दोन दिवस एका हॉलमध्ये बसवली की ते आपोआप साचतात, पंख्यावर धूळ साचते तसे. आम्ही हौशी वैमानिकांची स्वयंसेवी संस्था. पुरात, खाडीत कुणी हरवलं तर आकाशातून शोधायचं, हे आमचं काम. निदान संस्थेच्या घटनेत तसं लिहिलंय! यंदा राष्ट्रीय अधिवेशन नवी मुंबईत होतं आणि जनसंपर्क अधिकारी मी. बिनपगारी.

रविवारी दुपारी कार्यकारिणी ठरवणार होती, आमच्या शाखेचं खाडी शोधपथक चालू ठेवायचं की बंद करायचं. पथक म्हणजे एक ड्रोन, तळवलीच्या वैजूताई पाटील आणि महाप्याच्या एका कंपनीत नोकरी करणारा संतोष गायकवाड. पावसाळ्यात खारफुटीत अडकलेले दोन खेकडेवाले या दोघांनीच शोधून काढले होते. तेव्हा माझं काम एकच. पत्रकार आणायचे आणि त्यांना उडता ड्रोन दाखवायचा.

*

हॉल सरचिटणीसांनी बुक केला. उलवे, सेक्टर १७. एसी उत्तम, पार्किंग मोठं, जेवण चांगलं. फक्त विमानतळाला लागून! तिथं ड्रोन सोडाच, साधा पतंग वर गेला तरी पोलीस चौकशीला येतात.

मी हे सांगितल्यावर ते म्हणाले, "पण सावंत, विमानतळ शेजारी आहे. वातावरणनिर्मिती बघा ना किती होते!"

शेवटी ड्रोन टेबलावर मांडला. खाली मखमल, वर झेंडूचा हार, चारही पात्यांना हळदकुंकू.

वैजूताई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "दसऱ्याला आमी कोयता पुजतो, तसाच पुजलाय. पन दुसरे दिशी कोयता कामाला तरी लावतो!"

वेळेवर आलेल्या एकमेव पत्रकाराने विचारलं, "हा उडतो का?"

"उडतो ना!" सरचिटणीस म्हणाले. "पण आज त्याचा सत्कार आहे."

*

उद्घाटनाला हॉलबाहेर गॅसचे फुगे सोडायचे होते. आदल्या दिवशी फुगेसुद्धा चालणार नाहीत असं कळलं, पण ऑर्डर देऊन झाली होती. म्हणून सरचिटणीसांनी तोडगा काढला. फुग्यांच्या घोसाला लांब दोरी. पाहुण्यांनी घोस सोडायचा, टाळ्या संपल्या की मंडपामागून संतोषने ओढून घ्यायचा.

फोटोग्राफरला पहिला फोटो पसंत पडला नाही. पाहुण्यांनी पुन्हा सोडले, संतोषने पुन्हा ओढले. मग पाहुण्यांच्या सौभाग्यवती फोटोत आल्या नव्हत्या म्हणून आणखी एकदा.

"सावंतकाका, मला लई सोपं काम दिलं," दोरी गुंडाळत संतोष म्हणाला. "आपल्या संस्थेत काही हरवूच देत नाहीत!"

*

प्रेसनोट मी आठवडाभर आधी लिहून ठेवली होती. पहिल्याच वाक्यात ते दोन खेकडेवाले. सरचिटणीसांनी वाचली आणि म्हणाले, "छान! फक्त हे जरा खाली घ्या. वर मान्यवरांची नावं येऊ द्या."

नावं आली. मग त्यांची पदं आली. मग माजी पदं आली.

"आता खाली जागा उरली नाही," मी म्हणालो.

"मग काढून टाका. तसेही ते खेकडेवाले कार्यक्रमाला आलेले नाहीत."

*

आमचे राष्ट्रीय अध्यक्ष नागपूरचे, निवृत्त वैमानिक. माइक हातात आला की हॉलचं विमान करतात. भाषणाआधी त्यांनी फर्मान काढलं, "फोन फ्लाइट मोडवर! सगळ्यांनी! शिस्त म्हणजे शिस्त!" आणि स्वतःचा फोन उंच धरून बटण दाबलं. टाळ्या!

मीही फोन बंद केला. भाषण जेवणापर्यंत चाललं. बाकीचे पत्रकार गेटवर पास मागत उभे होते आणि मला फोन लावत होते. मग ते घरी गेले.

*

रविवार. हवा कालचीच.

बैठकीची वेळ झाली आणि अध्यक्ष नाहीत. हॉटेलवाले म्हणाले, गाडी केव्हाच गेली. फोन लागेना. साहेबांची शिस्त! फ्लाइट मोड रात्रभर तसाच.

सरचिटणीसांना घाम फुटला. "पोलिसांत कळवूया का?"

"मंग आमी कशाला हाव?" वैजूताई म्हणाल्या.

ड्रोन उडवता येत नव्हता. संतोषने स्कूटर काढली. ड्रायव्हरला पत्ता काय सांगितला होता, एवढंच वैजूताईंनी विचारलं. सरचिटणीसांनी सांगितलं होतं, "सेक्टर १७." बस! नवी मुंबईत वाशीला सेक्टर १७ आहे, खारघरला आहे, नेरूळला आहे. काल अध्यक्षांना सरचिटणीसांनी स्वतःच्या गाडीतून आणलं होतं, आणि आजचा ड्रायव्हर नागपूरचा.

वाशीच्या सेक्टर १७ मध्ये एका हॉलबाहेर आमच्या संस्थेच्या स्टिकरची गाडी उभी होती. आत ज्येष्ठ नागरिकांच्या संघाचं वार्षिक संमेलन. स्टेजवर अध्यक्ष. अंगावर शाल, पुढ्यात नारळ, हातात माइक. सगळ्या आजी-आजोबांचे फोन फ्लाइट मोडवर.

वैजूताईंनी खुणेने बोलावलं. अध्यक्षांनी खुणेनेच सांगितलं, थांबा, भाषण चालू आहे.

संघाचे चिटणीस संतोषच्या कानाशी आले. "फार छान बोलतात हो. कोण आहेत?"

भाषण संपल्यावर अध्यक्ष खाली उतरले आणि वैजूताईंना म्हणाले, "हॉल बदललात ते बरं केलंत. कालच्यापेक्षा इथले प्रतिनिधी शिस्तीचे आहेत."

त्यांना उलव्याला आणून खुर्चीत बसवलं. शाल अंगावर तशीच होती. पहिलाच विषय खाडी शोधपथकाचा. सरचिटणीसांनी ठराव वाचला, "आता प्रत्येकाच्या हाती फोन असल्याने माणसं हरवत नाहीत. सबब पथकाची गरज उरलेली नाही."

ठराव नऊ विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. अध्यक्षांनी ठरावाच्या बाजूने मत दिलं. ड्रोन मुख्यालयातल्या काचेच्या कपाटात ठेवायला देण्यात आला.