एक विद्यार्थी, एक नोकरी

अन्याय झाला तो सदाशिव पेठेत माझ्याबरोबर एका खोलीत राहणाऱ्या मुलीवर. शेवटच्या वर्षी, मार्चमधल्या एका गुरुवारी, सकाळी सव्वादहा वाजता, कॉलेजच्या प्लेसमेंट ऑफिसबाहेर. तिला कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. एका यादीतून तिचं नाव खोडलं गेलं, एवढंच.

आमच्या संघटनेच्या पत्रकात 'खोडलं गेलं' असं मी कुणाला लिहू देत नाही. कुणी खोडलं ते लिहा, असं नव्या मुलांना बजावते. तर ते मी खोडलं. निळ्या पेनाने, पट्टी लावून.

ती वाशिमकडची. वडील पोस्टात. आम्ही दोघी मेकॅनिकलच्या, पण मी आपली मार्क पडले म्हणून आणि ती यंत्रं आवडतात म्हणून. मंडईत भाजी घ्यायला गेलो की मी भाव करायची आणि ती वाकून तराजूचा काटा बघत बसायची. एकदा भाजीवाली म्हणाली, "काय गं, माप मारते वाटतंय का?" ही म्हणाली, "नाही मावशी, हा मधला खिळा झिजलाय, तुमचंच नुकसान होतंय." त्या दिवशी कोथिंबीर फुकट मिळाली.

सप्टेंबरात एक मोठी सॉफ्टवेअर कंपनी कॉलेजात आली. तेव्हा अशा कंपन्यांना सिव्हिल चालायचं, मेकॅनिकल चालायचं, कुणीही चालायचं. इंग्रजी बोला, कोडी सोडवा, आत या. तिला घेतलं. मला नाही. तिने घरी फोन केला, घरच्यांनी गल्लीत पेढे वाटले. रुजू कधी व्हायचं ते मात्र कागदावर नव्हतं. 'यथावकाश कळवू.' तेव्हा ते कुणाला खटकलं नाही.

मग अमेरिकेतल्या बँका बुडाल्या. पेपर रोज भरून यायचा. मार्च उजाडला तोवर प्लेसमेंट ऑफिसकडे कुणी फिरकेना. अशात भोसरीचा एक पंप बनवणारा कारखाना आला. जागा एक, डिझाइनमधली. नोटीस वाचून ती जिना उतरायची थांबली. म्हणाली, "हीच. मले हीच पाहिजे."

आमच्याकडे नियम होता, बहुतेक कॉलेजांत असतो. एक विद्यार्थी, एक नोकरी. एक ऑफर मिळाली की दुसरीकडे बसायचं नाही, बाकीच्यांना संधी मिळावी म्हणून. ऐकायला किती न्यायाचा वाटतो. मुलाखतीची यादी सांभाळायला एक विद्यार्थी नेमत. त्या वर्षी ती मी होते.

तिने माझ्यासमोरच प्लेसमेंटच्या सरांना विचारलं. सर म्हणाले, "मॅडम, ताटात एक पोळी असताना दुसरीला हात लावू नये."

"सर, पोळी ताटात कुठंय? वाढतो म्हणालेत फक्त."

सर हसले. तिला बाहेर थांब म्हणाले. मग माझ्याजवळून आत जाताना हळूच म्हणाले, "यादी तुझ्याकडे आहे. मी काही नावं मोजत बसणार नाही."

हे फक्त मी ऐकलं. त्याचा अर्थ कळायला इंजिनिअर असावं लागत नाही. मी तिचं नाव राहू दिलं असतं तर ती आत गेली असती.

यादीत माझंही नाव होतं.

नाव खोडून मी तिच्याजवळ गेले आणि म्हटलं, "नाही म्हणाले गं. नियम." ती "बरं" म्हणाली आणि पायरीवर बसली.

आत कारखान्याचे मालक होते, साठीचे, शर्टाच्या खिशात तीन पेन्सिली. त्यांनी टेबलावर बिडाचा एक जड तुकडा ठेवला. पंपाचा भाग. म्हणाले, "हा मधून कापला तर आत कसा दिसंल ते काढा. हातानं." आम्ही अकरा जण. दोन वर्षं कोड्यांची पुस्तकं पाठ केलेले. ड्रॉइंगचा तास आम्ही पहिल्या वर्षीच विसरलो होतो. मी जे काढलं ते त्यांनी उलटसुलट धरून पाहिलं आणि विचारलं, "ह्यात पाणी कुठनं जाणार, ताई?"

कुणालाच न घेता ते निघाले. पायरीवर ती उठून उभी राहिली, त्यांच्या हातातल्या तुकड्याकडे पाहत म्हणाली, "सर, याची भिंत एका बाजूला जाड काऊन आहे?" ते थांबले. तिने बोटाने हवेत तो कापून दाखवला, इथून इथवर. ते सरांकडे वळले. "हिला का नाय बसवली आत?"

"ती प्लेस्ड आहे."

"मग बरंय," ते म्हणाले. "आम्ही आपले जातो."

जुलैत सॉफ्टवेअर कंपनीने रुजू करून घेणं पुढे ढकललं. दिवाळीत पुन्हा. तिने कोथरूडला सॉफ्टवेअर टेस्टिंगचा क्लास लावला, बसून बसून गंज चढेल म्हणून. आमच्या खोलीच्या मालकीणबाईंचा स्वभाव तर असा की त्या पंख्यालाही वेळापत्रक द्यायच्या. एकदा दारातच म्हणाल्या, "अहो, तुम्हाला मोठ्ठी नोकरी लागली ना? मग दुपारी बाराला घरी कशा? का कंपनीच इथे येते?" ती हसली. नंतर दुपारभर बाहेर राहू लागली.

मी तोवर तरुणांच्या एका संघटनेत शिरले होते. अशा लटकवलेल्या मुलांसाठी पत्रक काढलं, भाषा जळजळीत होती. तिने सही केली नाही. "नाव दिसलं तर बोलावणारच नाहीत," म्हणाली. मी तिला भित्री म्हटलं. मी.

सव्वा वर्षानं ऑफर रद्द झाल्याचा चार ओळींचा मेल आला. दुसरीकडे अर्ज करावा तर त्यांना त्याच वर्षी पास झालेली मुलं हवी होती. ही शिळी झाली होती. भोसरीला फोन करून पाहिला, ती जागा केव्हाच भरली होती. एका संध्याकाळी मीच तिला वाशिमच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीतून म्हणाली, "तुझा काय दोष, बाप्पा. नियमच तसा होता."

त्या वाक्याने माझी पाठ धरली आहे. सभेत हजेरीची यादी वाचताना तिच्या नावाचं पहिलं अक्षर आलं की माझी जीभ अडखळते. कोथरूडच्या स्टॉपवर सॅक लावलेली उंच मुलगी पाठमोरी दिसली की मी बस सोडते. कधी कधी ती मुलगी वळून बघते. दुसरीच कुणीतरी असते, आणि तरी मला वाटतं की तिला माहीत आहे.

चार वर्षं गेली. ती तालुक्याच्या गावी बारावीच्या मुलांच्या फिजिक्सच्या शिकवण्या घेते. गेल्या रविवारी मी फोन केला आणि सगळं सांगितलं. सर काय पुटपुटले, यादीत कुणाचं नाव होतं, सगळं. पलीकडे मुलांचा गलका ऐकू येत होता. तिने कुणाला तरी "वही काढा रे" म्हटलं. मग मला विचारलं,

"मग तुले तरी आलं का ते चित्र काढता?"

"नाही."

"वाटलंच मले."

आणि तिने फोन ठेवला. त्यानंतर उचललेला नाही. तो तिचा हक्क आहे.

कंपनीवर, सरांवर मी पत्रकं काढली, पुढेही काढीन. त्यांना सुट्टी नाही. पण नियम त्यांचा असला तरी पेन आपल्याकडे देतात, आपणच आपल्याला खोडावं म्हणून. या हंगामात तुमच्या कॉलेजातही कुणीतरी यादी घेऊन दाराशी बसलेलं असेल. ते तुम्हीच असाल तर सांगते, रुजू व्हायची तारीख कागदावर आल्याखेरीज एकही नाव खोडू नका. सर ओरडले तर ओरडू द्या. आणि खोडून बसला असाल, तर आज, हे वाचून झाल्याबरोबर, जाऊन तिला खरं सांगा. मुलाखत संपायच्या आत.