सुजेची गोळी

मी जनाबाई, बारवी धरणाकडच्या आमच्या पाड्याची आशाताई. तोंडानं फटकळ, पण नवसीच्या वाटेला मीही सहसा जात नाही. बदलापूरच्या बाजारात रानभाजी विकते ती. कुणी भाव पाडून मागितला की म्हणते, "तूच जा रानात, थितं फुकट हाय." पाड्यात कुणाचा गुडघा सुजला की निरगुडीचा पाला शेकून बांधायला मात्र हीच लागते.

तिची लेक किर्ती नऊ वर्षांची. ताप आला, गेला, आणि पोरीला फिट सुरू झाल्या. दिवसाला चार-पाच! फिटच्या गोळ्यांनी काडीचा फरक पडेना. मी दोघींना मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "मेंदूला सूज आहे, तिच्यामुळेच फिट येतायत." सूज उतरवायच्या गोळ्या दिल्या. पंधरा दिवस एकही फिट नाही.

परवा दुपारी नवसीची किंकाळी आली. धावले. किर्ती जमिनीवर ताठ, तोंडाला फेस. एक फिट सुटते न सुटते तोच दुसरी. नवसी तिच्या नाकाला कांदा लावत होती.

"फेक तो कांदा! कुशीवर कर तिला! गोळ्या देतेस ना?"

"बंद केल्या. तोंड बघ की तिचं, कसं फुगलंय! सुजेची गोळी, अन् सूजच वाढतीय. तीन दिस झालं, पाला शेकतेय."

"अगं भवाने, मारशील की पोरीला!"

ॲम्ब्युलन्समध्ये पोरीचे ओठ निळे पडत चालले. माझं तोंड थांबेना. नवसीला अडाणी म्हणाले, आई आहेस का वैरीण म्हणाले. ती पोरीचा हात धरून बसली होती.

मोठ्या दवाखान्यात इंजेक्शननंतर अर्ध्या तासानं किर्तीचं अंग सैल पडलं. श्वास नीट लागला. आता धोका नाही, डॉक्टर म्हणाले.

"गोळ्या एकदम कुणी बंद केल्या?" त्यांनी विचारलं.

"म्या," नवसी म्हणाली.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "ताई, या गोळीनं तोंड सुजतं, घाबरून बंद करू नका, हे तुम्हाला सांगितलं होतं ना?"

सांगितलं होतं. त्या दिवशी मला लसीकरणाची घाई होती. "मीच हिला सांगायची राहिले," मी कशीबशी म्हणाले.

नवसीनं माझ्याकडे पाहिलं.

"मंग रस्ताभर शिव्या मला का घातल्यास, जनाबाय?"