आठ दिवसांत शिकलेलं भविष्य

१४ मार्च १९४४, दुपारी सव्वाचार.

भगिनींनो, मंडळाच्या फळ्यावर हे मुद्दाम लावते आहे. नलिनीताई आठ दिवसांपासून भविष्य सांगायचे टॅरोचे पत्ते शिकताहेत. आठ दिवसांत विणकामाचा टाकाही धड जमत नाही. आज त्यांनी पाटणच्या सोनाबाईला भविष्य सांगितलं. तिचा नवरा ब्रह्मदेशात लढतोय, चार महिने पत्र नाही.

घोड्यावर बसलेल्या सांगाड्याचा पत्ता निघाला. "आता त्यांची वाट बघू नका," ताई म्हणाल्या.

सोनाबाई बांगड्या फोडायला भिंतीकडे वळली. मी तिचं मनगट धरलं.

"आवं बाई, मग ह्ये खोटं हाय व्हय?"

पत्त्यांसोबतची इंग्रजी पुस्तिका मी उघडली. त्या पत्त्याचा अर्थ 'बदल' असा दिला आहे. ताईंना इंग्रजी येत नाही, त्यांनी नुसती चित्रं पाहिली होती.

नलिनीताई, "मला यातलं काही कळत नाही," असं गुरुवारी पाचच्या आत सोनाबाईला लिहून द्या. तिला मराठीही वाचता येत नाही. मी वाचून दाखवीन.