सुईवाले काका

सुईवाले काका माणसाचं नाव नंतर विचारत. आधी विचारत, "परसाकडं साफ होतं का?" तेही चारचौघांत, मोठ्यानं. गारखेड्यातल्या त्यांच्या पुढच्या खोलीत बाकावर पाच-सहा जण बसलेले असत. कुणी लाजून खाली पाहिलं की काका म्हणत, "अरे, पोटाला लाज नाय, तुला कामून?" बाक हसे आणि तो माणूस बोलू लागे.

काका चिकलठाण्याच्या एका कारखान्यात दवाखाना सांभाळायचे. निवृत्त झाल्यावर सुया टोचायचं शिकले. बद्धकोष्ठाचे लोक त्यांच्याकडं जास्त येत. गुडघ्याखाली चार बोटं मोजून एक सुई, दोन बेंबीच्या आजूबाजूला, एक मनगटाच्या वर. सुई लावली की त्यांचं तोंड बंद. वीस मिनिटं खोलीत फक्त पंख्याचा आवाज.

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मीच तिथं नेलं. त्यांचा जन्म मेंढरांमागं गेला. मला मात्र त्यांनी बी.ए. केलं, मी शाळेत शिकवायला लागले आणि पुंडलिकनगरात खोली घेतली. दादांचं पोट आठ-आठ दिवस साफ होत नव्हतं. पहिली सुई लागली तेव्हा म्हणाले, "बाभळीच्या काट्यापरीस बरी हाय की!" काका खूश झाले. "पाहा ग्रॅज्युएट बाई, तुमचे दादा पास!"

दर बुधवारी मी अर्धी रजा टाकून दादांजवळ बसायची. शिकलेल्या लेकीनं तेवढं करायलाच हवं, असं मला वाटे. काका विचारत, "काही त्रास? रक्त वगैरे?" दादा माझ्याकडं बघत आणि म्हणत, "नाय नाय. बरं हाय आता." तीन महिने उत्तर हेच होतं. धोतर मात्र सैल होत चाललं होतं. ते मला दिसत होतं. वय झालं, असं मी धरून चालले.

एका बुधवारी काकांची नजर त्या सैल धोतरावर गेली आणि ते म्हणाले, "ताई, जरा बाहेर बसा." बाकावरच्यांनाही त्यांनी उठवलं. दार लावलं. मी पायरीवर बसले. दहा मिनिटांनी काका बाहेर आले. हातात सुयांची डबी होती, झाकण तसंच बंद.

"आज सुई नाय. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या. लई दिवसांपासून रक्त जातंय त्यांना."

"मग बोलले का नाहीत?"

"लेकीसमोर कसं बोलंल तो माणूस?"

रिक्षा काकांनीच आणली. आतड्यात गाठ होती, पसरलेली. पुढं दवाखान्यात काका रोज संध्याकाळी येत. "सुई नसली म्हणून काय झालं, हात तर हायेत," असं म्हणून दादांचे पाय चेपत. दोघं गावाकडच्या पाण्याबद्दल, कुत्र्यांबद्दल बोलत. तेवढा वेळ मी व्हरांड्यात उभी राहायची.

दादा गेले. मला रडू आलं नाही. मी शाळेत जात होते, वह्या तपासत होते. दहाव्यानंतर काका घरी आले आणि दाराशीच बसले.

"चूक माझी हाय, ताई. माणसाला एकट्याला विचारायला पायजे होतं. सगळ्यांची लाज मोडतो म्हणून लई मिरवलं मी."

खोलीतून उठायचं मला कधीच सुचलं नव्हतं. हे त्यांना सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "चहा ठेवू का?"

"नको," म्हणाले आणि चप्पल घालून निघाले.

त्याच वर्षी ते लेकाकडं कायमचे राहायला गेले. कुठल्या गावाला, ते मी विचारलं नाही.