चार्जिंगला उभी राहिलेली पोर

तिन्हीसांजेला भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, डोळे उघडे ठेवायचे, पण कुणी कितीही हाका मारल्या तरी हलायचं नाही, हा खेळ माझ्या मुलीला मीच शिकवला. मी ते कुणाला सांगितलं नाही, म्हणून पुढचं सगळं झालं.

उन्हाळ्यात मी कारखान्यातून काजूचे गर घरी आणून त्यांची साल काढते. हात कामात असतात, डोळे मोकळे असतात. मुलगी नवऱ्याचा जुना मोबाईल तांब्याला टेकवून ठेवायची आणि आम्ही दोघी जपानचं एक कार्टून बघायचो. त्यात एक यंत्राची मुलगी आहे. दिसायला आपल्या पोरींसारखी, पण आत सगळ्या तारा. छत्र्या दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे ती राहते आणि सांगितलं तेवढंच करते. म्हातारा म्हणाला, दुधावर लक्ष ठेव, तर दूध उतू जाऊन शेगडी विझेपर्यंत ती टक लावून बघत राहिली. बोलणं हिंदीत असतं. मला निम्मं कळायचं, उरलेलं मुलगी सांगायची. मी एवढी हसायचे की हातातले गर तुटायचे.

चार्जिंग संपलं की ती यंत्राची मुलगी असेल तिथे थांबते. घाबरली तरी तशीच थांबते. मग कानामागे दोनदा टिचकी मारायची. ती डोळे मिचकावते आणि म्हणते, ‘नमस्कार. आज काय काम?’

एकदा ऐन गमतीत मोबाईल बंद पडला आणि मुलगी रुसली. मी तिला म्हटलं, “मगे तू पण ऱ्हव चार्जिंगक.” ती हसली आणि मोबाईलच्या शेजारी, चार्जर लावायच्या बटणाखाली जाऊन उभी राहिली. तेव्हापासून रोज दिवे लागायच्या वेळी मोबाईल चार्ज व्हायचा आणि तीही. मी टिचकी मारली की जागी व्हायची. “पण कोणाक सांगा नको हां,” मी तिला बजावलं होतं. एवढी मोठी बाई कार्टून बघते, हे घरात कळलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

एप्रिलातल्या एका संध्याकाळी मी विहिरीवर होते. थोरली जाऊ आमच्या खोलीत विळी मागायला आली. पोर भिंतीपाशी उभी. जावेने तीन हाका मारल्या, दंड धरून हलवलं. खेळ म्हणजे खेळ, पोर हलली नाही.

“अगो, धाव गो! तुझ्या चेडवाक काय झाला बग!”

मी कळशी टाकून धावले. तोवर थोरले दीर पडवीतून आत आले होते. आरडाओरडा ऐकून पोर आपणच जागी झाली होती.

“काय झाला गो तुका? काय दिसला?” दिरांनी विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं. मी सांगू नको म्हटलं होतं, म्हणून ती बोलली नाही. दिरांनी आवाज चढवला, तशी ती घाबरली, हात दोन्ही बाजूंना ताठ केले आणि परत तशीच उभी राहिली.

“बगलास?” जाऊ दिरांना म्हणाली. “गेल्या आयतवारी भर दुपारची व्हाळार गेल्ली. जांभळीखाली बसली होती, माका सांगल्यानी बायकांनी.”

व्हाळ म्हणजे आमच्या वाडीच्या कडेचा ओढा. त्याच्यावरच्या जांभळीखाली दुपारी कुणी थांबत नाही, तिथे बाधा होते म्हणतात. मुलगी तिथे गेली होती हे खरं. पलीकडच्या गावातली मोठी शाळा बघायला मैत्रिणींबरोबर गेली होती. आमच्या वाडीतली शाळा चौथीपर्यंतच आहे, आणि ती चौथीत होती. पाचवीला जायचं म्हणजे रोज तो व्हाळ ओलांडायचा.

“सोमवारी देवळात कौल लावया,” दीर म्हणाले. “देव नको म्हणालो तर पाचवी बिचवी काय एक नाय. चेडू घरात ऱ्हवांदे.”

घरात राहूंदे. हे शब्द मी आधी एकदा ऐकले होते. माझी चौथी झाली तेव्हा पुढची शाळा खाडीपलीकडे होती. माझ्या काकांनी असंच पडवीत उभं राहून सांगितलं होतं आणि आई चुलीशी गप्प बसली होती. मी कितीतरी दिवस तिच्या तोंडाकडे बघत होते.

नवरा गोव्यात कामाला असतो. त्याला फोन केला तर म्हणाला, “दादा म्हणता ता आयक. कौल लावन तरी बगूया.” मी “हूं” म्हटलं. खेळाचं ओठावर आलं आणि राहिलं. दिरांशी मी कधी समोरासमोर बोललेली नाही. त्यांना चहा हवा का, हेसुद्धा मी जावेकडून विचारते. रविवारी सकाळी मी मन घट्ट करून चहा स्वतः नेला. कप घेऊन उभी राहिले.

“ठेव थंय,” ते म्हणाले.

मी ठेवला आणि आत आले. मुलगी मोबाईलकडे फिरकतही नव्हती. तिने मला एवढंच विचारलं, “आई, मीया सांगू?” मी म्हटलं, मी सांगेन.

सोमवारी देवळात वाडीतले बरेच लोक जमले. पुरुष पुढे, आम्ही बायका खांबामागे. गुरवांनी देवाच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या फुलांच्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. माझा देवावर विश्वास आहे. एकदा पाकळी पडली की पुढे माणसाने बोलायचं काही राहत नाही. मुलगी दिरांच्या बाजूला उभी होती, हात ताठ, मान ताठ.

गुरव गाऱ्हाणं घालू लागले. “बा देवा म्हाराजा, तुझ्या ह्या लेकराक व्हाळार काय तरी दिसला...”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले.

“त्या दिवसापास्ना तेची वाचा गेली, देहभान गेला...”

“व्हय म्हाराजा!”

तेवढ्यात मला कळलं की हे सगळे देवाला न झालेली गोष्ट सांगतायत. देवाला तरी खरं कुठून कळणार? खरं माहीत असलेली बाई खांबामागे उभी होती.

“ह्या चेडवान व्हाळापलीकडे शाळेक जावचा, काय घरात ऱ्हवाचा...”

मी बायकांच्या मधून पुढे गेले. जावेने पदर ओढला, तो तिच्या हातातून सुटला. सगळे बघायला लागले. मग मी मुलीच्या मागे गेले आणि तिच्या कानामागे दोनदा टिचकी मारली.

ती डोळे मिचकावून भरल्या देवळात म्हणाली, “नमस्कार. आज काय काम?”

कुणीतरी “अरे देवा!” म्हणालं. गुरवांचा हात हवेत राहिला.

“ह्या काय गो?” त्यांनी मला विचारलं.

“खेळ,” मी म्हटलं. “कार्टुनातलो. यंत्राच्या चेडवाचो. मीयाच शिकयलंय. आमी दोघा बगतो, काजी सोलताना. तेका काय एक झाला नाय. कोणाक सांगा नको म्हणान मीयाच सांगलेला.”

एवढं मी आयुष्यात एका दमात बोलले नव्हते. मागून एक म्हातारी म्हणाली, “चेडवाक नाय, आवशीकच लागिर झाला गो!” आणि बायका खदखदून हसल्या. त्या हसण्यात एक पाकळी पडली. कुठली पडली ते कुणीच बघितलं नव्हतं.

गुरव पाषाणाकडे वळले. “म्हाराजा, वायच थांब.” मग दिरांना म्हणाले, “ह्यो कौल धरूचो नाय. गाऱ्हाणाच चुकीचा पडला.” आणि मला म्हणाले, “आता तू सांग, बाय. नवीन पाकळे लावतंय. काय विचारू?”

पाचवीला जायचं का, एवढं विचारायचं होतं. पण देव नको म्हणाला तर? मग माझ्या मुलीनेही दिवस दिवस माझ्या तोंडाकडे बघितलं असतं.

“काय विचारू नको,” मी म्हटलं. “देवाक माझो नमस्कार सांग. चेडू शाळेत जातला.”

“आता हीका वाचा फुटली!” दीर म्हणाले. पण ते गुरवांकडे बघून म्हणाले. गुरवांनी ओल्या पाकळ्या परत तबकात ठेवल्या. दीर चपला घालून पुढे निघून गेले. आठवडाभर त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही. जाऊ मात्र चौथ्या दिवशी सोलायला गर मागून घेऊन माझ्याकडे बसली आणि इकडे तिकडे बघून म्हणाली, “लाव बगूया ता तुझा यंत्र.”

जूनमध्ये मी आणि मुलगी व्हाळ ओलांडून शाळेत नाव घालायला गेलो. टेबलामागच्या गुरुजींनी मान खाली ठेवूनच विचारलं, “कितवीत प्रवेश? आईचं शिक्षण?” शहरातल्यासारखी मराठी, भरभर. मी हात ताठ करून तशीच उभी राहिले. मागे चार माणसं थांबली होती.

मुलीने टाचा उंचावल्या आणि माझ्या कानामागे हळूच दोनदा टिचकी मारली.

“नमस्कार,” मी म्हणाले. गुरुजींनी वर बघितलं. “मी चौथी. ही पाचवीत बसणार.”